पिंपळावरचा मुंज्या आणि गावातले मारेकरी

१४ नोव्हेंबर १९७२ रोजी परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावात एका लहान मुलीचा खून झाला. तिथून पुढे जवळजवळ चौदा महिने, ४ जानेवारी १९७४ पर्यंत, गावात आणि गावाच्या शिवारात खून होत राहिले. जो खटला पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यात बळींची संख्या दहा होती. पाच मुली दहा वर्षांच्या आसपासच्या, एक तान्ही पोर आणि चार पस्तिशीतल्या बायका. पुरुष एकही नव्हता. लहान मुलींच्या खुनांना नरबळीची छटा आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही आपल्या निकालात नोंदवले.

मराठी मुलुखात एकामागोमाग झालेल्या खुनांची चर्चा निघाली की मानवतचे नाव निघतेच. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला ‘आक्रीत’ हा १९८१ सालचा चित्रपट याच घटनेवरून सुचलेला होता. घटनेनंतर अर्ध्या शतकाने, २०२४ साली, तिच्या तपासावर वेब मालिका आली. एवढा काळ लोटला तरी लोकांच्या मनात या प्रकरणाचे उत्तर एका वाक्यात बसलेले आहे: गुप्तधनासाठी मुंज्याला बळी दिले.

हे उत्तर खोटे नाही, पण ते पुरे पडत नाही. एकापाठोपाठ एक माणसे मारली जातात तेव्हा समाज त्यामागचे कारण कुठे शोधतो, ते कारण कुणाच्या सोयीचे ठरते आणि कुणाच्या जिवावर बेतते, हे या प्रकरणात पाहायचे आहे. त्यासाठी मानवतसारखे दुसरे उदाहरण आपल्याकडे नाही.

दुष्काळातले गाव

मानवत हे खेडे नव्हते. सिकंदराबाद–मनमाड लोहमार्गावर ‘मानवत रोड’ नावाचे स्थानक आहे. आसपासचा मुलूख काळ्या जमिनीचा आणि कापसाचा. १९४८ पर्यंत हा सगळा टापू निजामाच्या राज्यात होता. १९७२ हे साल महाराष्ट्राच्या आठवणीत दुष्काळाचे साल म्हणून कोरलेले आहे. खडी फोडायला गेलेल्या बायका, सुकडीसाठी लागलेल्या रांगा, रेशनवरचा मिलो हे ज्यांनी पाहिले ती पिढी आजही त्या दिवसांबद्दल बोलते. अशा काळात आईबाप दिवसभर कामावर आणि पोरी गोवऱ्या, सरपण, पाणी आणायला एकट्या रानात, हे घरोघरचे चित्र होते.

फिर्यादी पक्षाने न्यायालयात मांडलेली हकिकत अशी होती. गावात एक पैसेवाला, वजनदार माणूस होता. त्याच्यासोबत राहणाऱ्या बाईची पाळी थांबली होती आणि तिला मूल हवे होते. त्यातच गुप्तधन मिळेल अशी आशा दाखवली गेली. मांत्रिकी करणाऱ्या माणसाने सांगितले की पिंपळावर मुंज्या आहे आणि त्याला कुमारिकांचे रक्त दिले की दोन्ही इच्छा पुऱ्या होतील. त्याप्रमाणे मुली हेरल्या गेल्या, त्यांना आडबाजूला नेऊन मारले गेले आणि त्यांचे रक्त पिंपळापाशी वाहिले गेले.

स्थानिक पातळीवर तपास अडखळला, तेव्हा मुंबईच्या गुन्हे शाखेतले अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांना मानवतला पाठवण्यात आले. याच कुलकर्णींनी १९६८ साली मुंबईत रमण राघवच्या तपासाचे नेतृत्व केले होते. एकाच अधिकाऱ्याच्या हाताखालून गेलेल्या या दोन प्रकरणांची जातकुळी अगदी वेगळी होती. त्या फरकाकडे आपण पुढे येणारच आहोत.

मुंज्या रक्त मागतो का?

मुंज्या कोण, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. मुंज झालेला पण सोडमुंज होण्याआधी मेलेला ब्राह्मणाचा मुलगा पिंपळावर राहतो, अशी ही समजूत. त्याची इच्छा अपुरी राहिलेली असते, म्हणून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला त्रास देतो, घरावर दगड टाकतो, तिन्हीसांजेला विहिरीकाठी दिसतो. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात याचेच दुसरे रूपही आहे. शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला दगड असतो, त्याला मुंजाबा म्हणतात, आणि सुगीला किंवा लग्नकार्याला त्याच्यापुढे नारळ फुटतो, नैवेद्य ठेवला जातो. आजीच्या गोष्टीतला मुंज्या खोडकर, चिडका आणि थोडा केविलवाणा असतो. कुमारिकांच्या रक्ताची मागणी या परंपरेच्या गाभ्यात नाही.

गुप्तधनाचेही तसेच. जमिनीखाली हंडे पुरलेले आहेत, त्यांवर नाग बसलेला आहे, पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला ते दिसतात, अशा गोष्टी आपल्याकडे घरोघर सांगितल्या गेल्या. ज्या प्रदेशाने राजवटी बदलताना पाहिल्या आणि लुटीच्या भीतीने माणसांना खरोखर पैसा पुरताना पाहिले, तिथे अशा गोष्टी रुजणे समजण्यासारखे आहे.

मुंज्याची एक गोष्ट आणि गुप्तधनाची दुसरी. या दोन सर्वसामान्य समजुती एकत्र बांधून त्यांना खुनाची कृती जोडण्याचे काम परंपरा करत नाही. ते काम माणूस करतो. उतारा, अंगारा, कोंबडा, बोकड अशी मांत्रिकाची मागणी चढत जाते, कारण आधीचा उपाय फसलेला असतो आणि फसल्याची कबुली दिली तर त्याचा धंदा बसतो. ‘बळी कमी पडला’ हे त्याच्याजवळचे असे उत्तर आहे की ते कधीच खोटे ठरवता येत नाही. धन निघाले नाही तर आणखी एक बळी हवा असतो. मूल झाले नाही तर बळीची निवड चुकलेली असते. एकदा या रस्त्याला लागलेल्या माणसाला प्रत्येक अपयश पुढच्या खुनाकडे ढकलते. आधी केलेला गुन्हा वाया गेला, हे मान्य करण्यापेक्षा आणखी एक गुन्हा करणे त्याला सोपे वाटू लागते. अघोरी उपायांतून एकामागोमाग खून कसे घडतात, याचे यंत्र हे आहे.

आता बळींची यादी पुन्हा पाहा. कुमारिकांचे रक्त हवे होते, तर पस्तिशीतल्या चार बायका कशासाठी मारल्या? तान्ही पोर कशासाठी? दहापैकी पाच खून ‘मुंज्याला बळी’ या गोष्टीत सरळ बसतच नाहीत. नरबळीच्या स्पष्टीकरणाला इथे तडा जातो. खून करणाऱ्या टोळीला लपवाछपवी, दहशत, जुने हिशेब अशी कितीतरी कारणे लागतात आणि देवादिकांचे नाव त्या सगळ्यांवर पांघरूण घालते. गाव ज्याला देवाचा कोप समजून दारे लावून घेते, त्याच्या आड नेहमीचे गुन्हेगारही निवांत वावरू शकतात.

बळी कुणाचा दिला जातो

नरबळीच्या कथांमध्ये एक गोष्ट हमखास आढळते. बळी जाणारा माणूस नेहमी दुबळा असतो. पुरंदर किल्ल्याच्या शेंदऱ्या बुरुजाची आख्यायिका प्रसिद्ध आहे. बांधकाम टिकेना म्हणून पायात एका तरुण जोडप्याला गाडले, असे सांगतात. हे जोडपे महार कुटुंबातले होते. ही हकिकत शब्दशः घडली की नाही यापेक्षा, बळी देण्यासाठी समाजाला कोण सुचले हे ती स्पष्ट दाखवते. किल्लेदाराचा मुलगा पायात गाडल्याची आख्यायिका लोक सांगत नाहीत.

मानवतमध्ये ज्यांचे जीव गेले त्या मुली आणि बायका होत्या. लहान वयाची, एकटी रानात जाणारी, जिच्या घरच्यांना पोलीस ठाण्यात कुणी खुर्ची देणार नाही अशी मुलगी मारेकऱ्याला सोयीची असते. ‘देवाला कुमारिका हवी’ हे वाक्य त्या सोयीला धर्माचा शिक्का देते.

याचा सर्वांत ढळढळीत दाखला इंडोनेशियातला आहे. उत्तर सुमात्रात अहमद सुराजी नावाचा ‘दुकुन’, म्हणजे आपल्याकडचा देवऋषी म्हणा, १९९७ साली पकडला गेला. त्याने १९८६ पासून ४२ मुली आणि बायका मारल्याची कबुली दिली. मेलेल्या बापाने स्वप्नात येऊन सांगितले की ७० बायकांची लाळ प्यायलास तर तुझी विद्या सिद्ध होईल, असे तो म्हणाला. त्याच्याकडे येणाऱ्या बायका नवऱ्याचे प्रेम टिकावे, रूप यावे, पैसा यावा म्हणून येत. विधीच्या नावाखाली तो त्यांना उसाच्या मळ्यात कमरेपर्यंत जमिनीत पुरे आणि मग गळा आवळे. अकरा वर्षे हे चालले, कारण या बायका घरी कुणाला न सांगता त्याच्याकडे गेलेल्या असत. एखादी बेपत्ता झाली तरी ती कुठे गेली होती हे कुणाला माहीत नसे, आणि ज्यांना माहीत असे त्यांना ते बोलायची लाज वाटे. २००८ साली त्याला गोळ्या घालून मृत्युदंड देण्यात आला. स्वप्नातल्या बापाने त्याला हेतू दिला असेल. अकरा वर्षांचे अभय मात्र त्या लाजेने दिले.

लांडगा, रक्तस्नान आणि सैतान

एवढे खून माणूस करू शकत नाही, हे केलेच असेल तर कुणा अमानुष शक्तीने, ही पहिली प्रतिक्रिया जगात सगळीकडे सारखी आहे. १५८९ साली जर्मनीत कोलोनजवळच्या बेडबुर्ग गावात पेटर श्टुंप नावाच्या शेतकऱ्याला लांडगा होऊन माणसे खाल्ल्याबद्दल देहदंड झाला. सैतानाने दिलेला पट्टा कमरेला बांधला की आपण लांडगा होतो, अशी त्याची कबुली होती. ती यातनायंत्रावर ताणून मिळवलेली होती. त्याने खरोखर खून केले होते का, केले असतील तर किती, हे शोधण्याची वाट त्या कबुलीनेच बंद करून टाकली.

हंगेरीतल्या सरदार घराण्यातली एर्जेबेट बाथोरी ही तर कुमारिकांच्या रक्ताशी कायमची जोडली गेली. तारुण्य टिकवण्यासाठी ती मुलींच्या रक्ताने न्हाई, असे सगळे सांगतात. तिला १६१० साली पकडले आणि १६१४ साली ती स्वतःच्या वाड्यात कैदेत मेली. तिच्या विरोधात शेकडो साक्षी नोंदवल्या गेल्या. त्यांत मारहाण आहे, उपासमार आहे, सुया टोचणे आहे, पण रक्ताचे स्नान नाही. ती कथा पहिल्यांदा छापली गेली १७२९ साली, तिच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. साक्षींमधली हकिकत अशी होती की मालकिणीच्या वाड्यावर राबणाऱ्या मुलींना कायद्याचे कसलेच संरक्षण नव्हते. ती विसरली गेली. रक्तस्नानाची दंतकथा राहिली, कारण तिच्यात मालक आणि नोकर यांच्यातल्या अन्यायाविषयी कुणालाच उत्तर द्यावे लागत नाही.

विसाव्या शतकात शिक्षणाने हे सगळे मागे पडले असेल, असे वाटेल. पण १९८० च्या दशकात अमेरिकेत सैतानपूजकांच्या गुप्त टोळ्या लहान मुलांचे बळी देतात अशी भीती पसरली. पाळणाघरे चालवणाऱ्या माणसांवर खटले झाले, काहींनी वर्षानुवर्षे तुरुंग भोगला. एफबीआयचे केनेथ लॅनिंग यांनी १९९२ साली दिलेल्या अहवालात स्पष्ट म्हटले की अशा संघटित खुनी पंथांचा पुरावा मिळालेला नाही. तरी १९९३ साली आर्कान्सा राज्यातल्या वेस्ट मेम्फिसमध्ये तीन लहान मुलांचा खून झाला, तेव्हा ‘हे सैतानी कृत्य आहे’ या धारणेचा आधार घेऊन तीन पोरांना दोषी ठरवले गेले. ती २०११ साली सुटली. तोवर त्यांच्या आयुष्याची अठरा वर्षे गेली होती.

पंथाचे किंवा भुताचे स्पष्टीकरण दोन टोकांनी घात करते. मानवतसारख्या ठिकाणी ते खून घडवायला मदत करते, तर बेडबुर्ग आणि वेस्ट मेम्फिससारख्या ठिकाणी ते पुराव्याची जागा घेते. दोन्हीकडे खऱ्या माणसांवरची नजर हटते.

बहरीनच्या किनाऱ्यावरची भुते

लोककथेतले प्रत्येक भूत खुनाशी जोडलेले नसते, हेही लक्षात ठेवायला हवे. आज हजारो मराठी माणसे कामधंद्यासाठी ज्या आखाती देशांत राहतात, तिथल्या किनाऱ्यांवर ‘बू दरिया’ची गोष्ट सांगितली जाते. रात्री समुद्रातून बुडणाऱ्या माणसाची हाक येते, खलाशी त्याला वर घेतात, आणि तो समुद्राचा राक्षस निघतो. माणसे ओढून नेतो, गलबत बुडवतो. बहरीनचे जगणे शतकानुशतके मोत्यांवर चालत होते. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला वजन बांधून एका दमात तळाशी जात आणि हंगामात कितीतरी जण परत येत नसत. १९३० च्या सुमारास जपानी संवर्धित मोत्यांनी तो धंदा मोडला आणि १९३२ साली बहरीनमध्ये तेल सापडले. मग समुद्राशी असलेले ते जीवघेणे नातेच बदलले.

बू दरियाच्या गोष्टीत माणसाने माणसाला मारण्याचा संबंध नव्हता. ती थकव्याने, वादळाने आणि अंधाराने गेलेल्या माणसांना शोक करण्याचे रूप देत होती, आणि नव्या पोराला ‘रात्री हाकेला ओ देऊ नकोस’ असे बजावत होती. आपल्याकडचा विहिरीकाठचा मुंज्याही पुष्कळदा तेच करतो. तिन्हीसांजेला विहिरीकडे जाऊ नकोस, एवढेच त्याला सांगायचे असते. लोककथा भीतीला आवर घालण्यासाठी जन्मते. तिला खुनाचे हत्यार करणारा माणूस तिच्या बाहेरून येतो. म्हणून मानवतच्या खुनांचे खापर गावाच्या गोष्टींवर फोडणे अन्यायाचे आहे.

ठग आणि देवीचा कौल

पंथाच्या नावाने खुनांचा उलगडा करण्याचे आपल्या देशातले सर्वांत गाजलेले उदाहरण ठगांचे. १८३० च्या दशकात इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन यांनी माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून शेकडो ठग पकडले. प्रवाशांशी दोस्ती करून, रुमालाने गळा आवळून, लुटून पुरणाऱ्या या टोळ्या खऱ्या होत्या. पण स्लीमन यांनी त्यांचे जे चित्र जगापुढे मांडले त्यात भवानीची भक्ती हे मूळ कारण होते; ठग देवीसाठी मारतात, शकुन पाहतात, कुदळीची पूजा करतात. १८३९ साली निजामाच्या नोकरीतले फिलिप मेडोज टेलर यांची ठगावरची कादंबरी निघाली आणि ते चित्र इंग्लंडच्या घराघरांत पोचले.

स्टुअर्ट गॉर्डन आणि किम वॅग्नर यांच्यासारख्या इतिहासकारांनी नंतर हीच कागदपत्रे नव्याने वाचली. त्यांना दिसले ते वेगळे. ठगांत हिंदू होते तसे मुसलमानही होते. देवीचा कौल ते घेत, जसा शेतकरी पेरणीआधी घेतो आणि सैनिक स्वारीआधी घेतो. पण ते मारत होते ते लुटीसाठी. अठराव्या शतकाच्या शेवटी लहानसहान राजवटी मोडत होत्या, सैन्ये विसर्जित होत होती, आणि स्थानिक जमीनदार लुटीत वाटा घेऊन टोळ्यांना आसरा देत होते. जमीनदाराचा वाटा हे कारण नजरेआड झाले आणि देवीची भक्ती पुढे आली.

त्याची किंमत कुणी मोजली? १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्याच कारणावरून जन्मठेप देता येऊ लागली. गुन्हा सिद्ध करण्यापेक्षा माणूस कुठल्या गटाचा हे सिद्ध करणे पुरेसे झाले. हाच विचार पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात गेला आणि पारध्यांसारखे समाज जन्मानेच गुन्हेगार ठरले. तो कायदा १९५२ साली गेला. पण महाराष्ट्रात एखादी चोरी झाली की आजही पहिली धाड कुठल्या पालांवर पडते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

रमण राघव: मनात शिरलेली शक्ती

आता कुलकर्णींच्या पहिल्या प्रकरणाकडे. १९६० च्या दशकात मुंबईच्या उत्तरेकडील उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेली माणसे लोखंडी सळईच्या घावांनी मरत होती. लोक रात्री जागत होते, हातात काठ्या घेऊन गस्त घालत होते, अनोळखी भिकाऱ्याला मारहाण करत होते. मारेकरी अमानवी आहे अशा अफवाही पिकल्या. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अॅलेक्स फियाल्हो यांनी रमण राघवला पकडले आणि त्याने डझनांनी खून कबूल केले.

त्याच्यामागे मांत्रिक नव्हता, पंथ नव्हता, गुप्तधन नव्हते. त्याचे स्वतःचे एक जग होते. आपल्याला बाई करण्याचा डाव चालला आहे, आपण एका वेगळ्याच कायद्याचे आणि शक्तीचे प्रतिनिधी आहोत, असे तो मानत होता. सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाकडून तपासणी करवली. त्याला बरा न होणारा स्किझोफ्रेनिया आहे असे निदान झाले आणि शिक्षा जन्मठेपेवर आली. १९९५ साली तो ससून रुग्णालयात वारला.

जुन्या काळी याला ‘झपाटलेला’ म्हटले असते, आणि रमणने स्वतःच्या कृत्यांचे जे कारण दिले त्याचाही तोंडवळा झपाटल्यासारखाच होता. पण त्या कारणाचा उगम त्याच्या एकट्याच्या आजारात होता. मानवतची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तिथला समज अनेकांनी मिळून धरलेला होता. तो सांगणारा वेगळा, त्याने ज्याचा फायदा व्हायचा तो वेगळा आणि हत्यार चालवणारा वेगळा. तिथे कुणी वेडा नव्हता. एका माणसाचा भ्रम डॉक्टर ओळखू शकतो. दहा जणांनी मिळून धरलेला समज ओळखायला गावातल्या माणसांनाच डोळे उघडे ठेवावे लागतात, आणि बोलावे लागते.

गोष्ट पटली, पुरावा कुठे?

मानवत खटल्यात अठरा जण आरोपी म्हणून उभे करण्यात आले आणि त्यांतले दोघे माफीचे साक्षीदार झाले. परभणीच्या सत्र न्यायालयातून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ साली ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने त्याचा अंतिम निकाल लागला. निकाल न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला आणि तो आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो.

शिकवला जातो तो नरबळीसाठी नव्हे. माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला स्वतंत्र पुराव्याचा दुजोरा किती लागतो, दंडाधिकाऱ्याने कबुलीजबाब घेताना आरोपीला कोणते प्रश्न विचारलेच पाहिजेत, शिक्षेबद्दल आरोपीचे म्हणणे ऐकण्याची संधी कशी द्यायची, यासाठी तो शिकवला जातो. इथे कबुलीजबाब नोंदवताना कायद्याने घालून दिलेली काळजी घेतली गेली नव्हती. पोलिसांना अफाट अधिकार असतात, तपासाच्या उत्साहात ते बळाचा वापर करायला मोहवतात आणि हा मोह वेळीच खुडला पाहिजे, असा कडक इशारा न्यायालयाने दिला. काही आरोपींवरचे गुन्हे सिद्ध झाले. ज्या दोघांभोवती कटाची सगळी गोष्ट उभी होती त्यांच्याविरुद्धचा पुरावा मात्र वरच्या न्यायालयात टिकला नाही आणि ते सुटले.

गावाला हा निकाल पचणे कठीण गेले असणार. मारल्या गेलेल्या मुलींच्या आईबापांचा विचार केला की मन हेलावते. तरीही न्यायालय बरोबर होते. गोष्ट कितीही जुळणारी असली, सगळ्या गावाला पटलेली असली, तरी तिच्या आधारावर कुणाला फासावर चढवता येत नाही. बेडबुर्गच्या शेतकऱ्याला देहदंड दिला तो गावाला पटलेल्या गोष्टीवरच. गोष्ट आणि पुरावा यांतले अंतर जपणारा समाजच निरपराधाला वाचवू शकतो. खऱ्या अपराध्याला पकडायचे तर तपास पहिल्या खुनापासूनच नीट व्हावा लागतो. अशा प्रकरणात दहाव्या खुनानंतर केलेल्या घाईचा फायदा बहुतेक वेळा आरोपीलाच मिळतो.

कायद्याने काय बदलले

मानवतच्या काळात अघोरी उपाय सुचवणाऱ्या मांत्रिकाला खून होईपर्यंत हात लावायला वेगळा कायदा नव्हता. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांच्या विरोधातला कायदा संमत केला. गुप्तधन किंवा पाण्याचा साठा शोधण्यासाठी, करणी-भानामतीच्या नावाने अघोरी कृत्य करणे, नरबळी देणे आणि तसे करण्याचा सल्ला देणे, हे सगळे त्याच्या अनुसूचीत आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

यातली ‘सल्ला देणे’ ही तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. मानवतच्या हकिकतीत पहिला घाव बोललेल्या शब्दाचा होता. कुणीतरी एका निपुत्रिक, घाबरलेल्या बाईला सांगितले की उपाय आहे. त्या क्षणी गावातल्या एखाद्याने तो शब्द ऐकून फौजदाराकडे जायला हवे होते, आणि फौजदाराने तो कागदावर घ्यायला हवा होता. तेव्हा तशी वाट नव्हती, आज आहे.

म्हणून पुढच्या वेळी कुठे एकापाठोपाठ माणसे नाहीशी होऊ लागली आणि मुंज्या, देवी, सैतान, करणी यांची नावे हवेत आली, तर त्या नावांशी वाद घालत बसू नये. कोणाला फायदा होतो आहे, हे सांगणारा कोण आहे, नाहीशी झालेली मुलगी शेवटी कुणाबरोबर दिसली, हे विचारावे. पहिली मुलगी परतली नाही त्याच दिवशी विचारावे आणि तिच्या आईबापांच्या बाजूने पोलीस ठाण्यात उभे राहावे. दहा जणींच्या खुनाचे कारण नंतर कितीही अचूक सांगता आले, तरी त्याने एकीचाही जीव वाचत नाही. वाचवता येते ती पुढची मुलगी, आणि ते काम तिच्या गावातल्या माणसांचे आहे.